वरची पट्टी

सुप्याच्या बाजारात पुंडलिकचं किराणा दुकान होतं, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या बायकोमुळे. भलता अर्थ काढू नका. तारा बेळगावची, मराठी सातवी झालेली, आणि अख्ख्या बाजारात छापील मजकूर घडाघडा वाचणारी बाई तेवढी एकच. काळी नदीच्या अलीकडे-पलीकडे डोंगरात राहणारी माणसं मीठ-मिरची न्यायला यायची आणि तिच्यापुढं पोत्यांवर ठाण मांडून बसायची. “वैनी, आज काय आलंय बेळगावास्नं?” म्हणायची. मग वैनीची कळी अशी खुलायची की विचारू नका.

यायचं काय? रद्दी! पुंडलिक महिन्या-दोन महिन्यांनी मालाला बेळगावला जाई आणि पुड्या बांधायला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे वजनावर उचलून आणी. शहराने वाचून, चहाचे डाग पाडून, पोरांच्या वह्यांना घालून उरलेलं ते वर्तमान सुप्यात येऊन पुन्हा ताजं व्हायचं. कुठल्या मठात कुणाचं कीर्तन झालं, कुठल्या देवळावर नवा कळस बसला, कुणी वाटणीवरून सख्ख्या भावाला कुऱ्हाड घातली, कुठं टांगा उलटला, कुठल्या गल्लीत नळाला तीन दिवस पाणी नाही. ताराने वाचायचं आणि माणसांनी “आगं बाई!”, “काय म्हणायचं ह्या शेरातल्या लोकांस्नी!” करत ऐकायचं. ऐकून झालं की त्याच कागदात हळद नाहीतर गूळ बांधून घरी न्यायचा.

पण वाचायला घेण्याआधी तारा एक करायची. कात्री घ्यायची आणि कागदाची वरची पट्टी, पत्राचं नाव आणि तारीख असलेली, सर्रकन कापून काढायची. ती पट्टी चूल पेटवायला. पट्टी गेली म्हणजे पुडीला कागद चौकोनी मिळतो, असं ती नवऱ्याला सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. खरं कारण मात्र दुसरंच होतं. पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं, “कंदीचं म्हणायचं हे?” तिने तारीख सांगितली. “दोन वर्सामागलं व्हय!” म्हणून माणूस उठूनच गेला. त्या दिवसापासून पट्टी चुलीत. कुणी विचारलंच तर ती म्हणे, “आत्ताच आलाय की गठ्ठा बेळगावहून.” यातही खोटं काय होतं? गठ्ठा आत्ताच आलेला असायचा.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. होळीचा शिग्मा पंधरा दिवसांवर आला होता. दुकानात फणसगाळीचा कान्हू बुधवंत बसला होता. फणसगाळी म्हणजे अणशीच्या वाटेवर, दोन-अडीच कोसांवरची कुणब्यांची वाडी, आणि बुधवंत म्हणजे वाडीचा शब्द ज्याच्या तोंडून निघतो तो माणूस. ताराने नवा कागद काढला, पट्टी कापली आणि वाचता वाचता एकदम थबकली.

“अगंबाई, आपल्याकडचं आलंय!” ती म्हणाली. आनंदाने म्हणाली, हे आधी सांगून ठेवतो. आपल्या भागाचं नाव छापून आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. “ऐका. ‘येथील देवीची चांदीची प्रभावळ चोरीस गेल्याने भाविकांत खळबळ. देवळात पाणी भरण्याच्या कामावर असलेला इसम लखू उमाजी गावकर, राहणार सुप्याकडील फणसगाळी, यास पोलिसांनी पकडले आहे.’”

कान्हूच्या हातातली विडी तशीच विझली.

“वैनी, परत वाच.”

तिने परत वाचलं. आणखी सावकाश, आणखी रंगवून.

लखू हा उमाजी आणि पुतळीचा एकुलता एक मुलगा. बेळगावात कामाला होता, आणि शिग्म्याला घरी यायचा. मागच्या शिग्म्यालाही आला होता, आईला लुगडं घेऊन. म्हणजे चोरी त्यानंतरची, नाही का? कान्हूने मनातल्या मनात असाच हिशेब केला आणि ताराला म्हणाला, “देवीचं चोरलं म्हंजे ही आमच्या सातेरीच्या दारातली गोष्ट झाली. तू वाडीवर ये. सगळ्यांच्या म्होरं वाच.”

आता हिला काय करायचं होतं? “मी दुकान सोडून कुठं येणार” म्हणाली असती तर कुणी जोर केला नसता. पण बाईसाहेबांनी माहेरची जरीकाठी साडी नेसली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, आणि पुंडलिकला गल्ल्यावर बसवून बैलगाडीतून निघाल्या. कागद तेवढा छातीशी. पट्टी सकाळीच चुलीत गेली होती, पण तारीख तिने वाचली होती. सन छप्पन. दीड वर्षापूर्वीची. वाटेत एकदा तिच्या मनात आलं की हे सांगावं. मग वाटलं, चोरी ती चोरी, ती काय शिळी होते? झालं, तेवढ्यावर विषय संपला.

सातेरीच्या देवळापुढं वाडी जमली होती. फणसगाळीत काही हरवलं, कुणावर आळ आला, अगदी म्हैस रानात चुकली तरी देवीला विचारायची रीत होती. दगडाला ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. त्याला कौल म्हणायचे, आणि कौलापुढं बुधवंताचंही चालत नसे. उमाजी हात जोडून उभा होता. शिग्म्यात ढोलावर पहिली काठी मारायचा मान त्याच्या घराचा, बापजाद्यांपासूनचा. पुतळी त्याच्या मागं, पदर तोंडात धरून.

ताराने वाचलं. शाळेत बक्षीस मिळवणाऱ्या मुलीसारखं, ठसक्यात. ‘भाविकांत खळबळ’ला तर तिचा आवाज असा चढला की झाडावरची पाखरं उडाली.

“कौल लावा,” उमाजी म्हणाला. “माझं दुसरं मागणं न्हाई. देवीला इचारा. डावी पडली तर मी सोताच मान सोडतो.”

“आरं, छापून आलंय,” कान्हू म्हणाला. “नाव, गाव, बापाचं नाव. आता देवीला कशाला तरास?”

“खरं, देवीला इचारल्याबिगर आजवर कोणाला—”

“आजवर छापून कुठं आलं व्हतं?”

कागदापुढं देवी गप्प बसली. पिढ्यान्‌पिढ्यात पहिल्यांदा फणसगाळीत कौलाशिवाय निवाडा झाला. ढोलाची काठी दुसऱ्या घरी गेली, आणि उमाजीच्या घराचं आग-पाणी बंद झालं. वाचणारीचा मान म्हणून ताराच्या ओटीत नारळ आणि केळ्यांचा फणा पडला. घरी येऊन तिने त्या नारळाच्या वड्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या, शेजारणींनाही दिल्या.

शिग्म्याच्या आदल्या दिवशी लखू आला. खांद्यावर बोचकं, त्यात बापासाठी धोतर. वाडीत शिरला तसं कुणी बोलेना. घरी गेला तर बाप दारात पाठ करून बसलेला. आत चुलीवर पेज रटरटत होती आणि आई तिच्यापुढून हलली नाही. तिथंच कुणीतरी त्याला सांगितलं, की वाणिणीने वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. दुकानात गर्दी होती. तारा डाळ मापत होती.

“वैनी,” तो म्हणाला, “ते खरं हाय, मला धरलं व्हतं. पर कोरटानं सोडलं. मागल्याच्या मागल्या सालची गोष्ट ती. घरी उगा घोर नको म्हणून बोललो न्हाई. मला धरलेलं छापलंय तर सुटलेलं बी छापलं असंल की! तुमच्याकडं गठ्ठा हाय न्हवं? जरा बघा की त्यात. तुमच्या पाया पडतो.”

गठ्ठा माळ्यावर होता. शिडी लावायची, चढायचं, धुळीत बसून एकेक कागद उलगडायचा, आणि लखू म्हणतो ते सापडलं तर सगळ्यांसमोर म्हणायचं की मी अर्धंच वाचलं होतं. हे सगळं ताराच्या मनात आलं की नाही, कोण जाणे. आलं असणार. ती मापातली डाळ सारखी करत म्हणाली, “जा रे बाबा! चोराची बातमी कोण दोनदा छापतंय?”

दुकान हसलं. आणि हिला ते हसू गोड लागलं, हो!  लखूने पायरीवर ठेवलेलं बोचकं उचललं आणि चालू लागला. पुढं कुणी म्हणालं तो गोव्याच्या खाणींवर गेला, कुणी म्हणालं आणखी कुठं. फणसगाळीत काही तो परत आला नाही.

दोन पावसाळे गेले. साठ साली माळ्यावर वाळवी लागली म्हणून ताराने सगळं खाली काढलं, तेव्हा तो जुना गठ्ठा हाती आला. तळाचे कागद वापरायचे राहून गेले होते. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, मधलं शाबूत होतं. ती उकिडवी बसून एकेक झटकत होती आणि सवयीने डोळे फिरवत होती. ‘प्रभावळ प्रकरणी आरोपी निर्दोष.’

खाली चार ओळी. लखू उमाजी गावकर याच्याविरुद्ध काहीच पुरावा न आढळल्याने कोर्टाने त्यास सोडून दिले. प्रभावळ देवळाच्या एका विश्वस्ताच्या पुतण्याच्या घरी सापडली. वर पट्टी होती, तिच्यावर तारीखही होती. छप्पन सालचीच, पकडल्याच्या बातमीनंतर दोन महिन्यांची.

म्हणजे ज्या दिवशी ती जरीकाठी नेसून वाडीवर गेली, त्या दिवशी हा कागद घरात होता. ज्या दुपारी तो पायरीशी उभा होता, तेव्हा तो त्याच्या डोक्यापासून दोन हात वर होता. शिडी लावली असती तर पाऊण तासाचं काम. ताराच्या कानशिलांतून जाळ निघाला. घरात कुणी नसताना तिने पदर तोंडावर ओढून घेतला. वड्या आठवल्या, ‘भाविकांत खळबळ’ म्हणतानाचा स्वतःचा आवाज आठवला, आणि दुकान हसलेलं आठवलं. आपलीच आपल्याला इतकी शिसारी येते, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुंडलिकला दाखवलं तर तो म्हणाला, “झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार? उद्या लोक म्हणतील, हिचं सगळं वाचलेलं असंच. ठेव तो कागद गुळाला.”

गुळाला तिने ठेवला नाही, पण वाडीवरही गेली नाही. देव्हाऱ्यात देवाच्या आसनाखाली कागद घातला आणि रोज फुलं वाहताना त्या बाजूला बघायचं टाळलं. बाजारात माणसं “वाच की वैनी” म्हणाली तर डोकं दुखतंय म्हणायची. रोज कुणाचं डोकं दुखतं? महिना असाच गेला. भित्रेपणाला आपण विचार करणं म्हणतो, तसला तो विचार.

मग एका बाजारदिवशी पुतळी दिसली. दुकानात नाही, ती दोन वर्षांत या दुकानाची पायरी चढली नव्हती. पलीकडे जमिनीवर पसरलेल्या एका मीठवाल्यापुढं बसली होती. त्याने कागद फाडला तशी पुतळीने त्याचा हात धरला.

“कागदात नको रे बाबा. पानात बांध.”

“पान कुठलं आणू आता?”

तिने कंबरेला खोचलेलं सागाचं पान काढून पुढं केलं. घरूनच घेऊन आली होती. मीठवाला हसला, पुटपुटला आणि पानात मीठ बांधून दिलं. पुतळी ते ओटीत घेऊन निघून गेली.  दुसऱ्या दिवशी सकाळी ताराने देव्हाऱ्यातून कागद काढला.

या वेळी गाडी नव्हती, पुंडलिकने दिलीच नाही. साधं लुगडं नेसून ती अडीच कोस चालत गेली. शिग्मा दोन दिवसांवर होता. देवळापुढं ढोल बाहेर काढून उन्हात ठेवले होते, आणि कान्हू बुधवंत त्यांच्या वाद्या ताणत होता.

“सगळ्यांना बोलवा,” ती म्हणाली. “उमाजी मामांनाही.”

उमाजी आला, पण देवळाच्या अंगणात पाय न ठेवता बांधापलीकडेच उभा राहिला. पुतळी त्याच्या मागं. तारा वाचायला लागली. तिने आधी पट्टी वाचली. पत्राचं नाव, वार, तारीख, साल. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर वाचली. मग त्या चार ओळी. वाचून झाल्यावर कुणी “परत वाच” म्हणालं नाही.

“कंदीचं म्हणालीस?” उमाजीने बांधापलीकडून विचारलं.

“छप्पन सालचं. तुमच्या लखूने लुगडं आणलं त्या शिग्म्याच्याही आधीचं.”

“आनि तू पैला कागद वाचलीस, तवा ह्यो कुठं व्हता?”

ताराची मान खाली गेली. “आमच्या माळ्यावर. लखू दुकानात आला होता, बघा म्हणाला. मी बघितलं नाही, मामा. त्याला हसून घालवला मी. आणि तारीख मला पहिल्यापासून ठाऊक होती.”

कुणीतरी शिवी हासडली. बरं वाटलं तिला, कुणी तरी हासडली म्हणून. कान्हू वाद्या सोडून उठला. त्याचाही चेहरा उतरला होता, पण बुधवंतपण कुठं सुटतं? म्हणाला, “ह्ये तरी खरं कशावरनं? देवीला कौल लावू.”

“आता न्हाई,” उमाजी म्हणाला. “तवा माझ्या पोरासाठी देवीला तरास नको म्हणालास. आता बी नको.”

 कान्हूने ढोलाची काठी उचलली, बांधापाशी गेला आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. उमाजीने तिला हात लावून नमस्कार केला, पण घेतली नाही.

“मान घराचा. माझे हात कापत्यात. घरात वाजवणारा कोण ऱ्हायला?”

काठी कान्हूच्या हातात तशीच राहिली. मग पुतळी पुढं आली. दोन वर्षांत पहिल्यांदा बांध ओलांडून, सरळ ताराच्या समोर. ताराने डोळे मिटून घेतले. आता ही थोबाडीत मारणार, आणि मारावीच, असं तिला मनापासून वाटत होतं.

“बाय,” पुतळी म्हणाली, “तू तर परकी. मी त्याची आय. चुलीवर पेज व्हती, मी वाढली न्हाई.” आणि मग कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, “ह्यात तो आता कुठं हाय ते लिवलंय काय?”

ताराला ठाऊक होतं काय लिहिलंय. तरी तिने कागद उलटा केला. मागं तेलाची जाहिरात होती आणि एका नाटकाची. कोपऱ्यातलं बारीक अक्षरही तिने बोटाने वाचलं.

“नाही, मावशी.”

“म्होरल्या कागदात असंल,” पुतळी म्हणाली. “छापत्यात त्ये. दोनदा छापलं, तर तिसऱ्यांदा बी छापतील की.”

चोराची बातमी कोण दोनदा छापतंय, असं म्हणालेली बाई तिथं उभी होती.  निघताना कान्हूच्या बायकोने रीतीप्रमाणे वाचणारीची ओटी भरायला नारळ आणला. तारा नको नको म्हणाली, पण उमाजीच म्हणाला, “घे. वाडीची रीत मोडू नको.” तो नारळ घेऊन ती अडीच कोस चालत घरी आली. फोडला नाही. देव्हाऱ्यात ठेवला, तो तिथंच सुकला.

तेव्हापासून दर बाजाराला पुतळी दुकानात येते. पायरी चढते, पोत्यावर बसते, मीठ घेते. कागदात घेते, पण आधी तो कागद वाचून दाखवावा लागतो. तारा आता पट्टी कापत नाही. आधी तारीख वाचते, मग वरपासून खालपर्यंत सगळं. खून, कीर्तनं, अपघात, नळाचं पाणी. गोव्याकडचं काही आलं तर पुतळी पुढं सरकते. शिळं वर्तमान ऐकायला आता दुसरं कुणी थांबत नाही, गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. पुंडलिक चिडतो, चिडून गप्प बसतो.

शेवटची ओळ झाली की पुतळी विचारते, “आलं काय?”

“नाही, मावशी.”

“मग बांध त्यात मीठ,” ती म्हणते.